हजेरीला सापडा : युद्धाच्या पाण्यात पहिल्यांदा निघालेल्या कॅडेटसाठी

१९८७ साली इराण-इराक युद्ध चालू असताना मी कॅडेट म्हणून आखातात होतो. त्या युद्धाच्या काळात चारशेहून अधिक व्यापारी जहाजांवर हल्ले झाले. एका दुपारी आमच्यापासून पाचेक मैलांवरच्या टँकरमधून धूर निघाला आणि आमच्या बोटीवर जनरल अलार्म वाजला. सात आखूड, एक लांब. मी मस्टर स्टेशनकडे, म्हणजे संकटात हजेरीला जमायच्या जागेकडे, धावलो, अर्ध्या जिन्यातून परत फिरलो आणि केबिनमध्ये कॅमेरा आणायला गेलो. वर पोहोचलो तेव्हा हजेरी संपली होती आणि सारंग (खलाशांचा मुकादम) माझ्याकडे बघत उभा होता. रत्नागिरीकडचा माणूस, आवाज कधी चढवायचा नाही. म्हणाला, "बाळा, दोन माणसं तुला शोधायला खाली गेलीत. आता काही लागलं असतं, तर तिघं गेले असते. कॅमेरा केवढ्याला येतो?"

पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत युद्धाच्या पाण्याबद्दल बरंच शिकलो, पण ते सगळं या प्रश्नाभोवतीच फिरतं. म्हणून पासआउट होणाऱ्या पोरापोरींना मी एकच सांगतो. तिथे तुमच्याकडून शौर्याची अपेक्षा नाही. शिरगणती होईल तेव्हा तुम्ही जिथे असायला हवं तिथे असा. आणि ही शिरगणती बोटीवर चढण्याच्या कितीतरी आधी सुरू होते.

सही करण्याआधी

पहिली यादी सरकारी. तुम्हाला पाठवणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचा (केंद्राच्या जहाज वाहतूक महासंचालनालयाचा) आरपीएसएल, म्हणजे नाविक भरतीचा, परवाना आहे का, तो चालू आहे का, हे डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. एजंटने मोबाइलवर पाठवलेला फोटो हा पुरावा नव्हे. नोकरी लावून द्यायचे पैसे मागणं बेकायदा आहे. पैसे मागितले म्हणजे पुढचं सगळं कळलं असं समजा आणि उठा. टूरिस्ट व्हिसावर दुबईला नेऊन तिथून कुठल्यातरी जुन्या टँकरवर चढवलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांची नावं कुठल्याच यादीत नव्हती, त्यामुळे अडकली तेव्हा त्यांना शोधायचं कुणी हेही ठरेना. मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या नाविकांत अलीकडच्या वर्षांत भारतीयच सर्वाधिक आहेत, हे विसरू नका.

दुसरं, बोटीचा आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) नंबर मागा. तो सात आकडी असतो, आणि बोटीचं नाव, रंग, झेंडा (नोंदणीचा देश), मालक बदलले तरी बदलत नाही. इक्वासिस या मोफत संकेतस्थळावर तो टाकलात की बोटीचं वय, मालक, तपासण्या, किती वेळा अडकवून ठेवली, सगळं दिसतं. वर्षभरात तीन झेंडे बदललेत, विमा कुणाचा याचा पत्ता नाही आणि बोट पंचवीस वर्षांची आहे, तर ती बहुधा निर्बंध चुकवून तेल वाहणाऱ्यांपैकी. सी-टाइम (परीक्षेला लागणारा बोटीवरचा अनुभव) मिळतोय म्हणून तिच्यावर चढू नका. सी-टाइमची घाई मला समजते. बॅचमधले निम्मे जॉइन झालेले असतात, घरी कर्जाचा हप्ता सुरू झालेला असतो. तरीही नाही.

तिसरं, करार. बोटीला आयटीएफमान्य (आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाने मान्य केलेला) सामूहिक करार लागू आहे का, हे विचारा. त्या व्यवस्थेत एखादा भाग 'वॉरलाइक ऑपरेशन्स एरिया' म्हणून जाहीर झाला की साधारण चार गोष्टी मिळतात : त्या भागातल्या दिवसांसाठी मूळ पगाराइतका बोनस (किमान पाच दिवसांचा), मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास दुप्पट भरपाई, तिथे जायला नकार देण्याचा हक्क, आणि नकार दिल्यास कंपनीच्या खर्चाने घरवापसी. कॅडेटला पगार नसतो, स्टायपेंड असतो. म्हणून बोनस कशावर मोजणार, हे लेखी विचारा. भागांच्या याद्या आणि अटी बदलत असतात, तेव्हा गेल्या वर्षी सीनियरने सांगितलेलं यंदा लागू असेलच असं नाही. मुई किंवा नुसी या नाविकांच्या युनियनच्या मुंबईतल्या कार्यालयात जाऊन विचारलंत तर ते सांगतात.

नकाराबद्दल स्पष्ट बोलतो, कारण कॉलेजात हे कुणी बोलत नाही. नकार देणं म्हणजे भित्रेपणा नव्हे. ते त्याच करारातलं कलम आहे ज्यावर कंपनीनेही सही केली आहे. पण तो वेळेवर आणि लेखी द्या. बोट बाब-अल-मंदेबच्या (तांबड्या समुद्राच्या दक्षिणेकडच्या अरुंद दाराच्या) तोंडाशी आल्यावर कॅप्टनच्या केबिनबाहेर उभं राहून रडलात तर बिचारा कॅप्टनही काही करू शकत नाही.

घरची फाइल

घरी एक फाइल ठेवून निघा. पासपोर्ट, सीडीसी (नाविकाची सेवा-पुस्तिका) आणि करार यांच्या प्रती, इन्डॉस नंबर (नाविकाचा सरकारी नोंदणी क्रमांक), बोटीचं नाव आणि आयएमओ नंबर, कंपनीचा चोवीस तास चालणारा आपत्कालीन फोन, युनियनचा फोन, बँकेतल्या नॉमिनीचं नाव. घरात एकाच माणसाला नेमा जो कंपनीशी बोलेल. शक्यतो आईला नको. बहीण, मामा, कुणी शांत डोक्याचं. चार जणांनी चार वेळा फोन केले की कंपनीतला माणूसही गोंधळतो आणि घरी चार वेगळ्या बातम्या पोहोचतात. वृत्तवाहिनीचा फोन आला तर काय बोलायचं तेही आधीच ठरवा : काहीही नाही.

आणि बोट कुठे आहे ते नकाशावर दाखवणाऱ्या मोबाइल अ‍ॅपबद्दल आईला नीट समजावून सांगा. धोक्याच्या भागात कॅप्टन एआयएस (बोटीची जागा आपोआप कळवणारं यंत्र) बंद ठेवू शकतो, मग बोट नकाशावरून गायब होते. किंवा जीपीएसमध्ये ढवळाढवळ चालू असते, मग बोट वाळवंटात नाहीतर एखाद्या विमानतळाच्या धावपट्टीवर उभी दिसते. हे आधी सांगितलं नसेल तर घरातली एक रात्र कशी जाते हे मी माझ्या बायकोकडून ऐकलंय. "दोन दिवस बोट दिसली नाही तरी घाबरू नकोस, कंपनीचा फोन आला तरच खरं मान," एवढं एक वाक्य पुरतं.

बोटीवरचे पहिले दोन दिवस

मस्टर लिस्टमध्ये आपलं नाव शोधा, ड्युटी वाचा, पाठ करा. नाव नसेल, किंवा आधीच्या कॅडेटचंच अजून असेल, तर त्याच दिवशी थर्ड मेट या कनिष्ठ अधिकाऱ्याला सांगा. असं होतं.

मग हे करा. केबिनच्या दारात उभे राहा आणि मस्टर स्टेशनपर्यंत पावलं मोजत जा. किती पावलांवर डावं वळण, जिन्याला किती पायऱ्या, कठडा कुठल्या हाताला, फायर डोअर ढकलायचं की ओढायचं. दुसऱ्या दिवशी बरोबरच्या कॅडेटला शेजारी ठेवून हेच डोळे मिटून करा. तिसऱ्या दिवशी डोळे मिटून आणि ओणवे होऊन, कारण धूर वर असतो आणि श्वास घेण्याजोगी हवा खाली. लोक हसतील. हसू द्या. माझ्या केबिनपासून बोट डेकपर्यंत त्या टँकरवर एकतीस पावलं आणि चौदा-चौदा पायऱ्यांचे दोन जिने होते, हे आजही डोक्यातून जात नाही.

इंजिन कॅडेटसाठी हे दुप्पट महत्त्वाचं. इंजिन रूममधला एस्केप ट्रंक (वर निसटायचा उभा बोगदा) कुठून सुरू होतो, त्याचं झाकण वर कुठे उघडतं, ते खरोखर उघडतं का, की कुणीतरी वर रंगाचे डबे रचून ठेवलेत? ईईबीडी (धुरातून बाहेर पडायचे श्वसन-संच) कुठे टांगलेत? त्यांतली हवा किमान दहा मिनिटांची असते आणि ती बाहेर पडायला दिलेली असते, आग विझवायला नव्हे. प्रशिक्षणाचा सेट घालून खालपासून वरपर्यंत एकदा चढून बघा. दहा मिनिटं किती थोडी असतात ते कळेल.

बंकशेजारी एक छोटी बॅग : पासपोर्ट आणि सीडीसीच्या प्रती, रोजची औषधं, चष्मा असेल तर दुसरा चष्मा, टॉर्च, पॉवर बँक, पाण्याची बाटली, एक जाड कपडा. बूट बंकखाली, लेस सैल सोडलेली. बॅगेत मावत नाही ते बोटीबरोबर गेलं तरी चालेल असं समजायचं. कॅमेरासुद्धा.

दोन धोके, दोन वेगळ्या खोल्या

आता लेखाचा गाभा. हा भाग दोनदा वाचा.

चाच्यांसाठी आपण वर्षानुवर्षं एक उत्तर घोकत आलो : सिटाडेल. बहुधा इंजिन रूम किंवा स्टिअरिंग गिअर रूम, जाड दारं, आत अन्नपाणी, सॅटेलाइट फोन. चाचे चढले की सगळे आत, दार बंद, इंजिन बंद, आणि नौदलाची वाट बघायची. हे चालतं. ४ जानेवारी २०२४ रोजी सोमालियाजवळ 'लीला नॉरफोक'वर सशस्त्र माणसं चढली. बोटीवर २१ जण होते, त्यांतले १५ भारतीय. सगळे सिटाडेलमध्ये गेले. दुसऱ्या दिवशी आयएनएस चेन्नईवरचे मार्कोस कमांडो बोटीवर उतरले, तोवर चाचे निघून गेले होते आणि २१ च्या २१ सुखरूप होते. यातली मेख अशी की नौदल बोटीवर उतरायचा विचार तेव्हाच करतं, जेव्हा सगळे आत आहेत आणि आतून बोलणं चालू आहे अशी खात्री असते. एक जण बाहेर राहिला तर तो ओलीस होतो आणि आतल्या वीस जणांसाठी येणारी मदतही थांबते. म्हणून आत गेल्यावर पहिलं काम, डोकी मोजणं.

पण क्षेपणास्त्र, ड्रोन आणि स्फोटकं भरलेली बिनमाणसाची होडी यांच्यापुढे तीच इंजिन रूम सापळा ठरते. १२ जून २०२४ रोजी तांबड्या समुद्रात कोळसा घेऊन चाललेल्या 'ट्यूटर' या बोटीच्या मागच्या बाजूवर अशी एक छोटी होडी आदळली. इंजिन रूममध्ये पाणी भरलं. बाकीच्यांना बोटीवरून काढलं, पण इंजिन रूममध्ये असलेला एक फिलिपिनो नाविक सापडलाच नाही. काही दिवसांनी बोटही बुडाली. अशा हल्ल्यात पाण्याच्या पातळीखाली कमीत कमी माणसं असायला हवीत. जमायची जागा पातळीच्या वर, अकोमोडेशनच्या (राहायच्या भागाच्या) मध्यभागी, बाहेरच्या भिंती आणि काचांपासून लांब. तिला सेफ मस्टर पॉइंट म्हणतात आणि ती बहुधा लाइफबोटजवळच्या नेहमीच्या मस्टर स्टेशनपेक्षा वेगळी असते.

म्हणजे तुमच्या डोक्यात तीन जागा हव्यात : आग किंवा बोट सोडण्यासाठी मस्टर स्टेशन, चाचे चढले तर सिटाडेल, वरून किंवा पाण्यातून स्फोट होण्याचा धोका असेल तर सेफ मस्टर पॉइंट. कुठल्या घोषणेला कुठे जायचं हे प्रत्येक बोटीचं आपलं असतं. ड्रिलमध्ये समजलं नाही तर हात वर करून विचारा. कॅडेटने मूर्ख प्रश्न विचारायचे असतात, तो हक्क थर्ड मेट झाल्यावर जातो.

स्फोट झाला की बघायला बाहेर पळू नका. दुसरा मारा काही मिनिटांत होऊ शकतो. जमिनीवर पडा, डोकं झाका, थांबा. मग हजेरी, आणि मग ज्याचं जे काम असेल ते.

वॉचवर : डोळे, व्हीएचएफ आणि खोटं बोलणारा जीपीएस

धोक्याच्या भागात शिरताना बोट यूकेएमटीओ या ब्रिटिश नौदलाच्या केंद्राला कळवते, आणि भारतीय नौदलाचं गुरुग्राममधलं आयएफसी-आयओआर केंद्र या भागातल्या घटनांवर लक्ष ठेवून असतं. या दोघांचे फोन नंबर ब्रिजवर, म्हणजे बोट चालवायच्या खोलीत, ठळक लावलेले असतात. वॉच (पहाऱ्याची पाळी) सुरू झाली की ते एकदा वाचा.

लुकआउट कंटाळवाणा असतो आणि म्हणूनच कॅडेटला देतात. होडी दिसली की "मासेमारी असेल" असं मनात ठरवू नका. काय दिसतंय ते सांगा : किती माणसं, शिडी किंवा आकडे दिसतात का, जाळी आहेत का, वेग किती, आपल्या वळणाबरोबर वळते का. ठरवायचं काम ऑफिसरचं. दहा वेळा चुकीची सूचना दिलीत म्हणून कुणी ओरडला तर अकराव्यांदाही द्या. व्हीएचएफ रेडिओवर कुणी स्वतःला कुठल्यातरी नौदलाचं म्हणवून कोर्स बदला किंवा एआयएस चालू करा असं सांगू लागला, तर तुम्ही उत्तर द्यायचं नाही. ऑफिसरला बोलवा. एआयएसच्या बटणालाही हात लावू नका, तो निर्णय मास्टरचा, म्हणजे कॅप्टनचा.

आता जीपीएस. मे २०२५ मध्ये जेद्दाजवळ 'एमएससी अँटोनिया' ही मोठी कंटेनर बोट रुतली, तेव्हा जाणकारांनी जीपीएस जॅमिंगकडे बोट दाखवलं. पुढच्याच महिन्यात, आखातात जीपीएसचा गोंधळ माजलेला असताना, ओमानच्या आखातात 'फ्रंट ईगल' आणि 'अ‍ॅडलिन' हे दोन टँकर एकमेकांवर आदळले. कारणाचा वाद बाजूला ठेवू. तुमच्या पिढीचा त्रास असा की एक्डिसच्या (इलेक्ट्रॉनिक नकाशाच्या) पडद्यावर बोटीचं चित्र दिसतं म्हणजे बोट तिथेच आहे असं तुम्ही मानता. बाब-अल-मंदेबमधून जाताना पेरिम बेट रडारवर स्वच्छ दिसतं. त्याचं बेअरिंग (दिशा) घ्या, अंतर घ्या, चार्टवर टाका, जीपीएसशी ताडून बघा. जमीन दिसत असेल तर दर काही मिनिटांनी. दिसत नसेल तर इको साउंडरने मोजलेली पाण्याची खोली चार्टशी जुळते का बघा, आणि सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांवरून जागा काढायचं यंत्र) पेटीतून बाहेर काढा. घड्याळही तपासा, कारण बोटीवरची बरीच यंत्रं वेळसुद्धा जीपीएसकडूनच घेतात. ऑफिसरने सांगितलं नाही तरी हे करा. जीपीएस आणि रडारच्या पोझिशनमध्ये अर्ध्या मैलाचा फरक सापडवणारा कॅडेट कॅप्टनच्या लक्षात राहतो.

आणि जाहीर केलेल्या भागाबाहेर आलात म्हणून सैल पडू नका. २३ डिसेंबर २०२३ रोजी 'केम प्लूटो'वर ड्रोन पडला तो वेरावळपासून सुमारे २०० सागरी मैलांवर, म्हणजे जवळजवळ आपल्या दारात. बोटीवरच्या माणसांनी आग विझवली, कुणी दगावलं नाही, आणि तटरक्षक दलाच्या सोबतीने ती मुंबईला आली.

आग

२६ जानेवारी २०२४ रोजी एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' या नॅफ्था भरलेल्या टँकरच्या कार्गो टाकीवर क्षेपणास्त्र आदळलं. बोटीवर २२ भारतीय आणि एक बांगलादेशी. आयएनएस विशाखापट्टणमचं आग विझवणारं पथक मदतीला आलं, पण पहिले काही तास ही माणसं एकटीच झुंजत होती. कॅप्टन अविलाष रावत आणि त्यांच्या माणसांना त्या वर्षीचं आयएमओचं शौर्य पारितोषिक मिळालं. सगळे जिवंत परत आले.

यातून कॅडेटने काय घ्यायचं? फायर फायटिंगचं सर्टिफिकेट खिशात आहे म्हणून आगीत घुसायचं नाही. तुम्ही फायर पार्टीत असाल तर बीए सेटचं (पाठीवरच्या श्वसन-संचाचं) प्रेशर, व्हिसल, लाइफलाइन, आणि आत गेल्याची वेळ बोर्डावर लिहिली आहे का एवढं बघा. ती वेळ लिहायचं काम बहुधा कॅडेटलाच मिळतं. ते फालतू वाटतं, पण आतल्या माणसाची हवा कधी संपणार हे त्या खडूच्या आकड्यांवरच कळतं. बाकी होज पसरणं, फोमचे ड्रम ओढणं, बाउंडरी कूलिंग (आगीभोवतीच्या भिंती पाण्याने थंड ठेवणं). हे ड्रिलमध्ये मन लावून केलं असेल तर त्या दिवशी हात आपोआप चालतात.

झोप

थोडक्यात. चोवीस तासांत किमान दहा तास आणि सात दिवसांत किमान सत्त्याहत्तर तास विश्रांती हा नियम आहे. ट्रान्झिटमध्ये जादा लुकआउट लागतात आणि हा नियम आधी मोडतो तो कॅडेटसाठीच. रेस्ट अवर्सच्या शीटवर खोटं भरू नका. मेसमध्ये जेवा, केबिनमध्ये एकटे बसून मोबाइलवर युद्धाच्या बातम्या बघत बसू नका. भंडारीशी, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाक्याशी, दोस्ती ठेवा.

बोट ताब्यात घेतली तर

१३ एप्रिल २०२४ रोजी होर्मुझजवळ इराणने 'एमएससी एरीज' ताब्यात घेतली. २५ जणांत १७ भारतीय होते आणि त्यांत केरळची एक डेक कॅडेट मुलगी. ती पाच दिवसांत घरी आली, बाकीच्यांना जास्त थांबावं लागलं. 'गॅलेक्सी लीडर'चे २५ जण नोव्हेंबर २०२३ मध्ये पकडले गेले, ते सुटले जानेवारी २०२५ मध्ये. म्हणजे पाच दिवस ते चौदा महिने, काहीही.

हात दिसतील असे ठेवा. अचानक हालचाल नको, डोळ्यांत डोळे घालून बघणं नको, लपून फोटो काढणं तर मुळीच नको. त्यांच्याशी बोलणारा एकच माणूस, कॅप्टन. धर्म, राजकारण, कोण बरोबर कोण चूक, यावर गप्प. रोजचं औषध असेल तर ते लगेच सांगा, त्यात कमीपणा नाही. दिवसाचं वेळापत्रक बांधा : दाढी, व्यायाम, पत्ते. आणि रोज सकाळी आपली माणसं मोजा.

पगाराचं म्हणाल, तर चाचे किंवा सशस्त्र दरोडेखोरांनी ओलीस ठेवलं असता करार आणि पगार चालू राहतो, हे एमएलसी या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात स्पष्ट आहे. एखाद्या सरकारने बोट जप्त केली तर काय, हे तुमच्या कराराच्या शब्दांवर अवलंबून. म्हणूनच तो सही करण्याआधी वाचायचा.

साइन ऑफच्या (बोट सोडून घरी निघण्याच्या) आधी

स्फोट जवळ झाला असेल आणि कानात शिट्टी वाजत असेल, तर ते मेडिकल लॉगमध्ये नोंदवून घ्या आणि नोंदीची प्रत घ्या. "दोन दिवसांत बरं होईल" म्हणून सोडलंत तर पुढच्या मेडिकलला ऑडिओमेट्रीत नापास झाल्यावर ते बोटीवर झालं हे कसं दाखवणार? झोपेत दचकून उठणं, घास न उतरणं हेही डॉक्टरला सांगण्याजोगं आहे. वॉरलाइक भागातल्या दिवसांची यादी चार्टवरच्या तारखांशी जुळवून बोनसचा हिशेब कॅप्टनसमोरच मिटवा, घरी आल्यावर ई-मेल पाठवत बसू नका. ट्रेनिंग रेकॉर्ड बुकवर चीफ मेटची किंवा सेकंड इंजिनिअरची सही, सी-सर्व्हिसचं पत्र, सीडीसीतला शिक्का. मग विमानतळावरून घरी एक फोन करा, आणि ज्यांना फाइल दिली होती त्यांना सांगा की फाइल कपाटात ठेवली तरी चालेल, पण फाडू नका, तीन महिन्यांनी परत लागेल.